फटाक्यांना न भिणारा तौहुए

“लिआओ आजोबा, देवीने निवडलेला कुत्रा जर बहिरा निघाला, तर देवी चुकली म्हणायचं का?”

हा प्रश्न मी भर देवळात, उदबत्त्यांच्या धुरात उभं राहून विचारला, कारण फांग-यू आणि जिया-रोंग या माझ्या दोन मैत्रिणींनी पैज लावली होती की माझी हिंमत होणार नाही. पैज होती मोठ्ठे साबुदाणे घातलेल्या गार दूधचहाची. दोघी दगडी सिंहामागे लपून खिदळत होत्या. मागच्या वर्षीची मी असते तर पायरीवरूनच परतले असते. हजेरीला ‘हजर’ म्हणतानासुद्धा माझा आवाज फाटायचा. पण आता मी पंधरा वर्षांची होते, नववीत होते आणि गावातल्या सगळ्यात प्रसिद्ध कुत्र्याची मालकीण होते. मी कोणालाही काहीही विचारू शकत होते.

लिआओ आजोबा आमच्या देवळात चाळीस वर्षं लोकांना कौल लावून देताहेत. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, मला नीट न्याहाळलं आणि सांगितलं, की देवी कधी चुकत नाही, चुकतात ते विचारणारे. वर प्रसादाची शेंगदाण्याची वडी माझ्या हातावर ठेवली. मग म्हणाले, “का गं यी-निंग, तौहुए तुझं ऐकत नाही की काय?”

तेव्हाच हो म्हणायला हवं होतं. म्हाताऱ्याने आपणहून दार उघडून दिलं होतं. पण मी म्हटलं, “नाही हो आजोबा, गंमत केली,” आणि पळत जाऊन माझा चहा वसूल केला.

कारण तौहुए खरोखरच बहिरा होता, आणि ते मला दोन महिन्यांपासून माहीत होतं.

तो आम्हाला सापडला मागच्या वर्षी, पालखीच्या दिवशी. माझू देवीची पालखी निघते तेव्हा आमच्या गावात प्रत्येक दुकानासमोर फटाक्यांच्या लडी लावतात. रस्त्यावर लाल कागदाचा घोटाभर थर साचतो आणि पुढचे दोन दिवस सगळं गाव एकमेकांशी ओरडून बोलतं. त्या दिवशी यच्चयावत कुत्री पलंगाखाली असतात. आणि नेमकं त्याच दिवशी, बँकेच्या चौकात, दोन्हीकडून लडी फुटत असताना एक पांढरंशुभ्र पिल्लू रस्त्याच्या मधोमध बसून कान खाजवत होतं. पालखी थांबली. माझे बाबा तेव्हा मिरवणुकीत अगदी शेवटी, थाळा वाजवणाऱ्यांत असायचे. ते पुढे धावले आणि पिल्लू उचललं. तिथल्या तिथे कौल लावला, की हे पिल्लू पालखीपुढे चालेल का. लाकडाच्या दोन लाल चंद्रकोरी जमिनीवर टाकतात. एक उताणी आणि एक पालथी पडली की देवीचा होकार. तीनदा टाकल्या आणि तिन्ही वेळा होकार.

झालं. पिल्लू आमच्या घरी आलं. आईने त्याचं नाव तौहुए ठेवलं. तौहुए म्हणजे सोयाच्या दुधाची खरवसासारखी लुसलुशीत, गोड वडी. उचलून घेतलं की तोही अगदी तसाच थुलथुल हलायचा. देवळाने त्याला लाल अक्षरांचं पिवळं जाकीट शिवून दिलं. प्रत्येक छोट्यामोठ्या मिरवणुकीत तो पुढे चालायचा आणि त्याची दोरी धरून मी आणि बाबा. बाबांचं स्कूटर दुरुस्तीचं दुकान आहे. ज्यांनी वर्षानुवर्षं त्यांना ‘ए पाना’ म्हणून हाक मारली, ती माणसं आता ‘लिन साहेब’ म्हणत चहा घ्यायला थांबायला लागली. कोणी तौहुएच्या शौर्याची गोष्ट विचारली की बाबा हातातलं काम खाली ठेवत. ती गोष्ट दर महिन्याला थोडी वाढायची. शेवटी शेवटी तर लड पिल्लाच्या पाठीवर फुटत होती.

हाक मारल्यावर तौहुए येत नसे. बाबा म्हणायचे, देवीचा कुत्रा आहे, ऐऱ्यागैऱ्याचं कशाला ऐकेल? मलाही ते पटायचं. मग एकदा थंडीत आईच्या हातून वाफेच्या भांड्याचं झाकण त्याच्या डोक्यावरच्या ओट्यावर दणकन आपटलं. मी किंचाळले, शेजारच्या काकू आल्या, आणि तौहुए झोपेत पाय हलवत राहिला. दुसऱ्या दिवशी फांग-यू आणि जिया-रोंगला बोलावून आम्ही पडद्यामागून शिट्ट्या फुंकल्या, ताटल्या वाजवल्या. जिया-रोंगने तिच्या भावाची तुतारीसुद्धा आणली होती. काही नाही. शाळेजवळच्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, जन्मापासूनचं आहे, पांढऱ्या कुत्र्यांत कधीकधी असतं. मी रडायला लागले तर म्हणाल्या, त्याला काही कमी वाटत नाही, रडतेस कोणासाठी? आणि मला कामाला लावलं.

मूठ म्हणजे बस. उभा पंजा म्हणजे थांब. दोन बोटं छातीकडे ओढली की ये. अंगठा वर म्हणजे शाब्बास, आणि सोबत उकडलेल्या कोंबडीचा तुकडा. अंगणातून बोलवायचं तर टॉर्च दोनदा मिचकवायचा. रस्त्यावर दोरी कधीही सोडायची नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे झोपलेला असताना त्याला मागून हात लावायचा नाही. आधी जमिनीवर पाय आपटायचा, हादरा त्याच्यापर्यंत पोचू द्यायचा, नाकापुढे तळवा धरायचा, मग हात. नाहीतर दचकून चावेल, आणि त्यात त्याचा दोष नसेल. हे बाईंनी मला तीनदा म्हणायला लावलं.

पंधरा दिवसांत त्याने सगळं उचललं. मला गणिताचं एक सूत्र पंधरा दिवसांत येत नाही. चालताना तो दर चार पावलांवर मागे वळून माझं तोंड बघायचा. मी हसले की शेपटी, कपाळाला आठी पडली की शेपटी बंद. झोपायचा तो माझ्या पायाला पाठ टेकवून, म्हणजे मी उठले की त्याला कळावं. आयुष्यात इतकं लक्ष माझ्याकडे कोणी दिलं नव्हतं.

मग मी सांगितलं का नाही? बाबांसाठी, असं मी स्वतःला सांगत होते. ते खोटं होतं. मला ते पुढे चालणं आवडायचं. मिरवणुकीत लोक माझ्यासोबत फोटो काढायचे, वरच्या वर्गातल्या मुली मला नावाने हाक मारायच्या. बहिऱ्या कुत्र्याला फटाक्यांची भीती नाही, यात कसला चमत्कार?

यंदाच्या पालखीला दहा दिवस उरले होते. रविवारी सकाळी देवळाच्या अंगणात सराव होता. ऊन चढलं तसा तौहुए ढोलाच्या गाड्याखाली सावलीत जाऊन झोपला. मी त्याची दोरी चाकाला बांधली आणि मैत्रिणींसोबत कोपऱ्यावर बर्फाचा गोळा खायला गेले. पाच मिनिटं, फार तर दहा.

परत आले तेव्हा आ-कुन काका जमिनीवर बसले होते. त्यांचा उजवा हात गमछ्यात गुंडाळलेला होता आणि गमछा लाल झाला होता. आ-कुन काका म्हणजे आमच्या मिरवणुकीचा ढोल. वीस वर्षं त्यांच्याशिवाय दुसऱ्या कोणी तो वाजवलेला नाही. त्यांनी तौहुएला हाका मारल्या, तो उठेना, म्हणून मागून जाकिटाला धरून ओढलं होतं. तौहुए गाड्याखाली अगदी आत शिरून थरथरत होता. मला पाहून त्याने शेपटी हलवली, आणि मी कपाळाला आठी घालून त्याच्याकडे बघत राहिले. शेपटी थांबली.

सहा टाके पडले. डॉक्टरांनी सांगितलं, महिनाभर हातात टिपरू धरायचं नाही.

संध्याकाळी देवळाच्या समितीतले तिघं आमच्याकडे आले. बाबा कमरेत वाकून माफी मागत होते, पुन्हापुन्हा. आई चहा ओतत होती आणि कोणी पीत नव्हतं. शू काका म्हणून एक आहेत, त्यांच्या जिभेला हाड नाही. ते म्हणाले, शूर शूर म्हणून डोक्यावर बसवलं की असंच होतं, आता ढोलही त्यालाच शिकवा. त्यावर बाकीचे दोघं हसले आणि बाबाही हसले. बाबांचं ते हसणं मला बघवेना. शेवटी बाबांनीच सुचवलं, की आईच्या चुलतभावाची डोंगरात सुपारीची बाग आहे, तिथे फाटकाशी बांधायला कुत्रा हवाच आहे. गुरुवारी सकाळी तो ट्रक घेऊन येईल. चावरा कुत्रा राखणीला बरा. तिघांनी माना डोलावल्या आणि गेले.

जो ऐकू शकत नाही तो फाटकाशी साखळीला. येणारा प्रत्येक माणूस त्याच्या मागून येणार, तो प्रत्येक वेळी दचकणार आणि प्रत्येक वेळी मार खाणार. तिथे पाय आपटणारं कोण असणार होतं?

सोमवार गेला, मंगळवार गेला. शाळेत फांग-यू म्हणाली, एवढी देवळात जाऊन आजोबांना विचारणारी तू, आता दातखीळ बसली का? मी तिच्याशी दिवसभर बोलले नाही. बुधवारी रात्री जेवायला बसलो. टेबलाखाली तौहुए माझ्या पायावर पसरला होता. मी वाटी खाली ठेवली आणि सांगून टाकलं. बहिरा आहे, जन्मापासून, डॉक्टरीणबाईंनी तपासलंय, मला दोन महिने माहीत आहे.

बाबा मान वर न करता माशाचे काटे काढत राहिले. शेवटचा काटा बाजूला ठेवून म्हणाले, “मला गेल्या पावसाळ्यापासून माहीत आहे.”

स्कूटरचा सायलेन्सर हातातून सुटून त्याच्यामागच्या टेबलावर आदळला होता म्हणे, आणि तो ढिम्म.

मी आईकडे बघितलं. आई म्हणाली, “मग रोज त्याला जेवण घालताना मी पाय कशाला आपटते? नाचायची हौस म्हणून?”

तीन माणसांचं घर, आणि तिघंही एकमेकांपासून तेच लपवत होतो. दुसऱ्या कुठल्या दिवशी मी हसून लोळले असते.

मी म्हटलं, मग आत्ताच्या आत्ता शू काकांना फोन करा, सांगा की तो चावरा नाही. बाबांनी जेवणाच्या काड्या खाली ठेवल्या. ते रागावले असते तर मी भांडले असते, पण ते अगदी हळू बोलले. “चावरा म्हटलं तर कुत्रा जाईल. बहिरा म्हटलं तर मी जाईन. वर्षभर ज्याच्या शौर्याच्या गोष्टी सांगितल्या, तो नुसता बहिरा. गाव हसून हसून लोळेल, यी-निंग. मी एकोणीस वर्षं मिरवणुकीच्या शेवटी चाललोय. शेवटून काय दिसतं माहीत आहे? पुढच्या माणसाची पाठ. बस.”

आई उठून भांडी आवरायला लागली. मीही माझी वाटी उचलून तिच्यामागे गेले, कारण पुढून काय दिसतं ते मला माहीत होतं आणि ते मलाही सोडवत नव्हतं.

गुरुवारी पाचलाच जाग आली. तौहुए पायाशी नव्हता. बाहेर आले तर बाबांनी पुढच्या दाराशी एक नवीकोरी साखळी काढून ठेवली होती आणि तो तिचा वास घेऊन माझ्याकडे बघत होता. तो मला काही विचारत वगैरे नव्हता. कुत्रा होता, फिरायला जायचं असं समजला होता. मी दोन बोटं छातीकडे ओढली. तो आला.

मी शाळेचा गणवेश घातला, त्याची नेहमीची दोरी कमरेला गुंडाळून गाठ मारली आणि स्वयंपाकघरात गेले. आई तव्यावर अंड्याचे पोळे उलटत होती. बाबा चहाचा पेला हातात धरून नुसते बसले होते. ट्रक सातला येणार होता. माझा आवाज फाटला, जुन्यासारखाच, पण मी थांबले नाही.

“आई, बाबा, मी आत्ता आ-कुन काकांकडे जाते आहे. तौहुएला घेऊन. त्यांना सांगणार आहे की तो बहिरा आहे, ते मला माहीत होतं, आणि त्याला एकटं सोडून मी गोळा खायला गेले म्हणून त्यांच्या हाताला टाके पडले. त्यांना मला मारावंसं वाटलं तर मारू देत. तिथून देवळात जाऊन सगळ्यांना हेच सांगणार. तुम्हाला माहीत होतं हे मी सांगणार नाही, ते सांगायचं की नाही तुम्ही ठरवा. पालखीच्या दिवशी तो घरी असेल आणि मी त्याच्यासोबत घरी असेन, यंदाही आणि पुढेही. मामांना फोन करून सांगा ट्रक आणू नका. आणला तरी मी त्याला चढू देणार नाही.”