शोकेसमधला बियाण्याचा भोपळा

फोन आला तेव्हा मी वेलावर होतो. एप्रिलमधला साधा मंगळवार. सोलापूरचं ऊन, अकरालाच गच्ची तापून गेलेली. जुन्या लुगड्यावर गवारीच्या शेंगा पसरल्या होत्या आणि वेणीमाधव सर डोक्याला पंचा गुंडाळून त्या परतत बसले होते. सकाळी मंगळवेढ्याची एसटी धरायला निघताना त्यांच्या पत्नी लीलाबाईंनी बजावलं होतं, "अकराला एकदा परता, दोनला एकदा. विसरू नका." सर विसरले नव्हते. त्यांनी एका हाताने फोन कानाला लावला. पलीकडे मंगळवेढा स्टँडवरून कोणीतरी बोलत होतं. बाई एसटीतून उतरल्या, बाकावर टेकल्या आणि तिथून उठल्याच नाहीत. सर "हो, हो" म्हणत राहिले आणि दुसऱ्या हाताने शेंगा परतत राहिले. हातातली ओळ पुरी झाली, मग उठले.

मी एक दुधी भोपळा. तेव्हा हिरवा होतो, आता वाळून खडखडीत झालोय. पोटात बी आहे. ते हललं की वाजतं. भोपळ्याने चिडावं असं कुणाला वाटणार नाही, पण मी चिडलोय. तीन वर्षं होत आली, एका शहाण्या, सज्जन, शिकलेल्या माणसाकडे बघतोय आणि माझं डोकं फिरायची वेळ आली आहे.

माझं घराणं मंगळवेढ्याचं. लीलाबाईंच्या माहेराला लागून बजाबाईंचं शेत, त्यांच्या बांधावर आमचा वेल. आम्ही बुटके, मानेला बारीक, चवीला गोड आणि पाण्यासाठी फार हट्ट न करणारे. लग्नानंतर लीलाबाई सोलापूरला आल्या त्या पदराच्या गाठीत आमचं बी घेऊन. तेव्हापासून दर रथसप्तमीला गच्चीवर दूध उतू घालून झालं की त्या अर्ध्या कापलेल्या निळ्या ड्रमात बी टोचायच्या. चैत्रात वेल मांडवभर व्हायचा. कोवळी फळं खायची, शेजारी द्यायची आणि सगळ्यांत देखणं फळ बियाण्याला राखायचं. राखलेल्या फळाच्या देठाला जुन्या लुगड्याची चिंधी बांधायची, म्हणजे चुकून कुणी कापायला नको. असं फळ वेलावरच वाळवतात, पुढच्या रथसप्तमीपर्यंत माळ्यावर ठेवतात, मग कापून बी काढतात. इतकी साधी गोष्ट आहे.

माझ्या देठाला चिंधी बांधली तो दिवस आठवतो. सर जिना चढून आले होते.

"हा कोवळा दिसतोय. कोफ्ते होतील की याचे."

"याला हात लावायचा नाही. हा बियाण्याचा."

"बाकीचे इतके आहेत, त्यातला एखादा ठेव ना."

"तीस वर्षं शाळेत बीजांकुरण शिकवलंत आणि निघालात बियाण्याचा भोपळा तळून खायला," लीलाबाई म्हणाल्या. "बरं झालं, मुलांना स्वयंपाक नाही शिकवलात."

सर हसले. ते जीवशास्त्राचे मास्तर. रंगीत खडूंनी फळ्यावर अंकुराची आकृती काढावी ती त्यांनीच, असं मुलं म्हणायची. हे मुद्दाम सांगतोय. पुढचं ऐकताना लक्षात ठेवा.

त्या मंगळवारनंतर घरात माणसं आली, राहिली, गेली. गच्चीवर कुणी फिरकलं नाही. इतर फळं वेलावर जून झाली, गळाली. मी पाण्यावाचून लवकर वाळलो, पण नीट वाळलो. जूनमध्ये सर वर आले तेव्हा वेलाची नुसती काटकी राहिली होती आणि तिला मी लटकत होतो, चिंधीसकट. त्यांनी मला दोन्ही हातांनी उतरवलं. कानाशी नेऊन हलवलं. आत बी वाजलं. ते तिथेच पॅरापेटला टेकून बसले.

तोवर मला त्यांची कीव येत होती. मग त्यांनी व्हार्निश आणलं.

सांगताना अजून अंगावर काटा येतो. माळ्यावर ठेवायच्या भोपळ्याला त्यांनी ब्रशने दोन हात व्हार्निश दिलं, सावलीत वाळवलं आणि हॉलमधल्या शोकेसमध्ये ठेवलं. एका बाजूला आदर्श शिक्षकाचा चषक, दुसऱ्या बाजूला लीलाबाईंचा फोटो. मुलगी ज्ञानदा पुण्याहून आली की काचेला हात लावून म्हणते, "आईचा भोपळा." पाहुण्यांना वाटतं, तंबोऱ्याचं काहीतरी असावं.

बरं, भाजीपाल्याचा नाद सुटला असता तर मी गप्प बसलो असतो. झालं उलटंच. वर्ष सरताच सरांनी ठरवलं, लीलाची गच्ची बंद पडू द्यायची नाही, घरची भाजी घरातच पिकवायची. मोबाइलवर व्हिडिओ पाहिले, वहीत तक्ते आखले, मातीच्या पिशव्या आणल्या, ठिबक नळ्या जोडल्या. आणि बी कुठून आणलं? दुकानातून. चकचकीत पाकिटातलं दुधीचं बी. माझ्या समोरून, हातात धरून, जिन्याने वर नेलं. जाता जाता शोकेस उघडून मला एकदा हलवलं, आत बी वाजलं, ते समाधानाने मान डोलवून गेले. मी काय म्हणावं?

तो वेल एप्रिलच्या उन्हात आठ दिवसांत होरपळला. पुढच्या वर्षी दुसरं पाकीट. तोही गेला. सरांनी वहीत लिहिलं, 'हवामान प्रतिकूल'.

साठवणुकीचीही तीच तऱ्हा. लीलाबाई गवार मिठाच्या पाण्यात एक उकळी देऊन वाळवायच्या. संध्याकाळी उन्हातून काढलेल्या शेंगा रात्रभर परातीत निववायच्या आणि सकाळी डब्यात भरायच्या. सरांनी पहिल्या वर्षी उकळी दिली नाही. दुसऱ्या वर्षी दिली, पण शेंगा उन्हातून आणल्या तशाच गरम डब्यात कोंबल्या आणि झाकण गच्च लावलं. डब्यावर सुवाच्य अक्षरात तारीख, वजन, भाजीचं नाव. आत शेंगांना घाम सुटला आणि आषाढात डबा उघडला तो पांढऱ्या बुरशीसकट. हे सगळं विचारता आलं असतं. शेजारच्या सुंदरम्मा दरवर्षी वाळवण घालतात, एका भिंतीचं अंतर आहे. पण विचारायचं म्हणजे लीला नाही हे मोठ्याने बोलावं लागतं.

लीलाबाईंनी वाळवलेलं मात्र ते जेवले. हरभऱ्याचा पाला, भेंडी, सांडगी मिरची, एकेक डबा करून, वर्षभर. शेवटच्या डब्यातली शेवटची मिरची तळली त्या दिवशी ते बराच वेळ ताटावर बसून होते. ते खाल्लं ते बरोबर केलं. तिने खाण्यासाठीच ठेवलं होतं. मलाही तिने कशासाठी तरीच ठेवलं होतं, हे त्यांना का उमगत नाही?

यंदा पौषात बजाबाई आल्या. मुलगा अमृत चिंचोळी एमआयडीसीत कामाला आहे, त्याच्याकडे डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आल्या होत्या. काळा चष्मा लावून, अमृतचा हात धरून त्या जिना चढल्या, फोटोपुढे हात जोडले, पदराने चष्म्याखालून डोळे पुसले आणि खुर्ची सोडून खाली बसल्या.

"जावईबापू, चहा कोण करतंय?"

"मीच करतो, मावशी."

"मग साखर जरा बेतानंच घाला. पुरुष मानसाच्या हाताला अंदाज नसतो."

चहा झाला. मग त्यांनी येण्याचं कारण सांगितलं.

"आमच्या बांधावरचा भोपळा गेला बगा. दोन साल झालं. माझ्या डोळ्यांचं ह्ये असं, नातवानं बांध नांगरला, बियाण्याचं गाडगं उंदरांनी खाल्लं. गावात कुनाकडंबी न्हाय. म्हनलं लीलाकडं असंल की. लई जपून ठेवायची ती."

सर कपाच्या कानाकडे बघत राहिले. "बी असं... वेगळं काढलेलं नाही."

बजाबाईंनी मान वळवली. नव्या डोळ्यांनी त्यांना शोकेसमधलं दिसत होतं, आणि मी तर व्हार्निशमुळे चमकत होतो.

"त्यो काय हाय?"

"ती लीलाची आठवण."

"आना हिकडं."

सरांनी मला आणून दिलं. बजाबाईंनी मला हलवलं, नखाने खरवडलं, वास घेतला.

"ह्याला काय फासलंय?"

"व्हार्निश. टिकावं म्हणून."

"टिकावं म्हनून," बजाबाई म्हणाल्या. अमृत खाली बघून हसू दाबत होता. "जावईबापू, ही आठवन न्हवं, बियानं हाय. तिच्या हातानं चिंधी बांदलीया. कितवं साल?"

"तिसरं सरत आलं."

"मग आता बसू नका. चौथ्या सालाला निम्मं बी उगवत न्हाय. पाचव्याला कायबी न्हाय. यंदा टोचलं तर टोचलं."

"फोडला तर..." सर थांबले. "मग काही राहत नाही, मावशी. रोज सकाळी हा वाजतो."

बजाबाईंनी मला पुन्हा एकदा हलवलं. मग मला सरांच्या मांडीवर ठेवून म्हणाल्या, "वाजतंय म्हनजे आत जीव हाय की. त्यो तिनं कुनासाठी ठिवला? रथसप्तमीनंतरच्या ऐतवारी अमृतला धाडते. मूठभर मला द्या, मूठभर तुमी लावा. हात चालत नसंल तर ह्यो कापून दील."

"नको, मी कापतो," सर म्हणाले. "मीच कापतो."

त्या दिवशी मला वाटलं, सुटलो.

रथसप्तमीला सर पहाटेच उठले. निळा ड्रम धुतला. नवी माती, शेणखत, राख, सगळं मापाने. पाणी घालून माती भिजवली. गच्चीवर वर्तमानपत्र पसरलं, करवतीचं पातं कापडाने पुसलं, बी ठेवायला वाटी आणली. दूध उतू घातलं, तेही नीट जमलं. मग मला मांडीवर घेतलं. पातं माझ्या मानेवर टेकलं. मी तयार होतो. कापण्याची भीती आम्हा भोपळ्यांना नसते, आम्ही त्यासाठीच वाळतो.

त्यांनी मला कानाशी नेलं. एकदा हलवलं. पुन्हा एकदा. पातं बाजूला ठेवलं. वर्तमानपत्राची चौकोनी घडी घातली.

रविवारी अमृत आला. सरांनी त्याला चहा दिला, आईच्या डोळ्यांची चौकशी केली आणि जाताना दुकानातलं एक चकचकीत पाकीट त्याच्या हातात ठेवलं. अमृतने पाकिटाकडे पाहिलं, शोकेसकडे पाहिलं. "सर, आई विचारंल," इतकंच म्हणाला.

"सांग, चांगल्या कंपनीचं आहे," सर म्हणाले. अमृत गेला तरी ते दारात उभे होते.

सर, मी तुमच्यावर रागावलोय, पण तुम्हाला ओळखतो. माझ्या पोटात शंभरावर बिया आहेत. त्यांतल्या चार जरी फुटल्या तरी तुमच्या मांडवावर आणि मंगळवेढ्याच्या बांधावर तिने जपलेलंच फळ लागेल, ते चिराल, खाल, पुन्हा एक राखाल. माझा आवाज जाईल हे खरं. त्याला माझा इलाज नाही.

रथसप्तमी होऊन आज अकरा दिवस झाले. सर रोज सकाळी ड्रममधली माती ओली करतात. ऊन वाढू लागलंय. मला अजून कापलेलं नाही.