सहाच्या आत पाणी गेलं पाहिजे

भिंगरीला भिंगरी हे नाव बाबांनी ठेवलं होतं, कारण ही मुलगी खुर्ची गरम व्हायच्या आत उठते. पण त्या शनिवारी दुपारी तिने कहरच केला. दारापाशी जायची, भोकाला डोळा लावायची, परत स्वयंपाकघरात यायची, घड्याळ बघायची, की पुन्हा दारापाशी.

"पायाला चाकं लावलीत का गं?" बाबा सोफ्यावरून म्हणाले. "फरशी झिजेल."

"बाबा, पंप यायचाय! चार वाजत आले. सहाला लंब्या येणार!"

"येऊ दे की. तो काय तुला उचलून नेणार आहे?"

तिला नेणार असता तर एक वेळ चाललं असतं. लंब्या न्यायला येणार होता ती आत्याची पेटी.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. तीस वर्षं तिने एका वर्कशॉपमध्ये जळालेल्या मोटरी नव्याने भरल्या. केसाएवढी तांब्याची तार, तिचे शेकडो वेढे, आणि मेलेली मोटर गुरगुरत उठून बसायची. निवृत्त होऊन ती भावाकडे राहायला आली तेव्हा सोबत एक सुटकेस आणि हत्यारांनी भरलेली एक हिरवी लोखंडी पेटी होती. सुटकेस भिंगरी लीलया उचलायची. पेटी उचलताना बाबांची कंबर धरली होती, ती अजून अधूनमधून धरते, विशेषतः बाजारात जायचं असलं की.

दोन वर्षांपासून आत्याचे हात थरथरत होते. गेल्या महिन्यात तिने मिक्सर दुरुस्त केला. तो सुरू झाला, पण बंद व्हायलाच तयार नाही! बटण बंद केलं तरी गरगर, गरगर. शेवटी आत्या प्लग ओढायला गेली, ठिणगी उडाली आणि तिची दोन बोटं भाजली. एक तार थरथरत्या हाताने भलत्याच जागी बसली होती.

आई त्या दिवशी ओरडली नाही. तिने मलम लावलं आणि हळूच म्हणाली, "ताई, आता पुरे. मिक्सर दुसरा येतो हो. बोटं येत नाहीत."

मग चार दिवसांपूर्वी डिशवॉशरने मान टाकली. भांडी धुवायचा, पण धुतलेलं पाणी बाहेर टाकायचा नाही. दार उघडावं तर तळाशी राखाडी, तेलकट तळं आणि त्यात बुडालेला एक चमचा. आत्याने जाळी काढून पाहिली, स्वच्छ. नळी तपासली, मोकळी. मग तिने तिची खास तपासणी केली. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक मशीनच्या अंगाला टेकवलं, लाकडी मूठ कानाला लावली, डोळे मिटले. घरात सगळ्यांनी श्वास रोखले. बाबांनी तर चहाचा घोटही तोंडातच ठेवला.

"पंप," आत्या म्हणाली. "मोटर घुमतेय, पण आतला पंखा फिरत नाहीये. नवा मागवा."

आईने कपाळाला हात लावला. मिक्सर अजून विसरला नव्हता कुणी.

तेव्हा आत्यानेच पैज लावली. "एवढं एक होऊ दे. हात भिंगरीचे, डोकं माझं. पाणी गेलं नाही तर पेटी लंब्याला देऊन टाकते, माझ्या हाताने."

लंब्या तिचा जुना चेला, आता त्या वर्कशॉपचा मालक. शनिवारी सहाला येतो म्हणाला. पंप बुधवारी यायचा होता. तो बुधवारी आला नाही, गुरुवारी नाही, शुक्रवारीही नाही. आणि तीन दिवस भिंगरी जिन्यात पाऊल वाजलं की दार उघडून बघत होती. कारण तिला एक गोष्ट पक्की माहीत होती. पेटी गेली की आत्या खिडकीजवळच्या खुर्चीत बसेल, आणि मग हळूहळू आत्या कुठली आणि खुर्ची कुठली ते कळेनासं होईल.

चार वाजून दहा मिनिटांनी बेल वाजली. डिलिव्हरीवाल्याने सहीसाठी पेन पुढे करेपर्यंत खोका त्याच्या हातातून गायब होता.

"आधी प्लग!" आत्या स्टुलावर बसून म्हणाली. तिने हात मांडीखाली दाबून ठेवले होते. "प्लग काढल्याशिवाय मशीनला बोट लावायचं नाही."

"काढला."

"पाण्याचा नळ?"

"बंद!"

"दाखव. नुसतं बंद म्हणू नकोस."

भिंगरीने वाटीने तळातलं पाणी उपसलं, राहिलेलं स्पंजाने टिपलं. चमचा वर काढून आईला सलाम ठोकावा तसा दाखवला. बाबांनी, कंबर सांभाळत, मशीन पुढे ओढायला मदत केली आणि दोघांनी ते जुन्या चादरीवर पाठीवर निजवलं.

"थांब," आत्या म्हणाली. "सिंककडे जाणाऱ्या नळीत पाणी आहे. पंप काढलास की ते सगळं उलटं अंगावर येईल. नळी कशाने तरी आवळ."

या घरात काहीही बंद करायचं असलं की एकच उपाय असायचा, चिमटा. बिस्किटांचा पुडा, साबणाची पिशवी, टूथपेस्टची शेपूट, सगळ्याला कपड्यांचा चिमटा. बाबांच्या पासपोर्टच्या फोटोत तर शर्टाच्या मागे चिमटा होता, शर्ट ढगळ होता म्हणून. भिंगरी गॅलरीत धावली, चादरींना लावायचा मोठा निळा चिमटा घेऊन आली, मशीनच्या मागची नळी दुमडली आणि तिच्यावर तो खटकन बसवला.

"वा," आत्या म्हणाली. "आईची लेक शोभतेस."

मग खालचा पत्रा निघाला. चार स्क्रू, चार वाट्या, प्रत्येक वाटीत एक. टॉर्चच्या उजेडात पंप दिसला, मुठीएवढा, काळा, चिडक्या बेडकासारखा एका बाजूला चिकटून बसलेला.

"तारांचा फोटो काढ. आता टोपण ओढ, तार नाही, टोपण! हां. आता पंप घड्याळाच्या उलट दिशेने, पाव फेरा."

"हलत नाहीये."

"घाई नको."

"आत्या, पाच वाजायला आले!"

"वाजू देत. वाजणं हे त्यांचं कामच आहे. तू पाव फेरा दे."

कट् आवाज झाला आणि पंप भिंगरीच्या हातात आला. घोटभर घाण पाणी तिच्या बाहीत शिरलं. तिने पंखा बोटाने फिरवला. तो झटके खात फिरला, लडबडत.

"बघ, बघ! सैल आहे! आई, आत्या बरोबर होती!"

नव्या पंपाच्या रबरी कड्याला साबणाचा एक थेंब, पाव फेरा उलट, टोपण, पत्रा, चार वाट्यांतले चार स्क्रू. पाच वाजून पंधरा मिनिटांनी मशीन परत आपल्या कोनाड्यात भिंतीला पाठ लावून उभं होतं. भिंगरीने प्लग लावला, नळ सोडला, दोन तांबे पाणी आत ओतलं, पाणी काढायचं बटण दाबलं.

घूंऽऽऽ.

सगळे वाकले. पाणी होतं तिथेच होतं. तसूभरही हललं नाही.

भिंगरीने पुन्हा दाबलं. घूंऽऽऽ. पुन्हा. तिने दार आपटलं, उघडलं, परत आपटलं. "थांब, मी परत सगळं खोलते! टोपण नीट बसलं नसेल! नाहीतर आपण नवा पंप—"

"नको," आत्या म्हणाली.

ती खाली वाकून ओट्यावरचा जुना पंप बघत होती. तिने तो दोन्ही हातांनी उचलला, पंखा फिरवला. "हे झटके सगळ्यांतच असतात गं. चुंबकाचे. नव्यातही असतील. आपण त्याला सैल समजलो." तिचा हात थरथरला, आणि पंप ओट्यावर टकटक वाजला. "कानसुद्धा गेले म्हणायचे."

"ताई, तसं काही नाही—" आई म्हणाली.

"अगं, पैज मीच लावली होती ना?"

आणि मग ती पेटी भरायला लागली. हे बघणं सगळ्यात वाईट होतं. पक्कड पुसली, ठेवली. छोटे स्क्रू ड्रायव्हर उंचीप्रमाणे लावले, शाळेतल्या प्रार्थनेच्या रांगेसारखे. लाकडी मुठीचा लांबडा हातात घेतला, जरा तसाच धरून ठेवला आणि सगळ्यांत शेवटी आडवा निजवला.

भिंगरीला एका जागी उभं राहवेना. ती गॅलरीत गेली, आली, पुन्हा मशीनसमोर पोटावर झोपली, टॉर्च मारला, उठली. लिफ्टचा आवाज आला की दाराच्या भोकाला डोळा लावायची. पाच पस्तीस. पाच चाळीस. बाबा काहीतरी विनोद करायला तोंड उघडायचे आणि मिटायचे. बाबांचं हे असं होणं म्हणजे प्रकरण फारच हाताबाहेर.

पावणेसहालाच बेल वाजली. लंब्या. दारातून आत येताना वाकावं लागणारा, तोंडभर हसणारा.

"बाई, लवकर आलो का? गाडी खाली उभी केलीय."

"लवकर नाही, वेळेवर आलास," आत्या म्हणाली. "ही बघ, तयार आहे. लांबड्याची मूठ जुनी आहे, बदलू नकोस."

तेवढ्यात गॅलरीतून आईचा आवाज आला. ती ओल्या चादरी वाळत घालत होती, बहुतेक डोळे कुणाला दिसू नयेत म्हणून. "नऊ, दहा, अकरा... माझा बारावा मोठा चिमटा कुणी घेतला? किती वेळा सांगितलं, मोठे चिमटे चादरींचे! बारा म्हणजे बारा!"

भिंगरी थांबली.

जन्मात पहिल्यांदा, अगदी पूर्ण, पाय जमिनीत रुतल्यासारखी थांबली. मग, सगळे लंब्याभोवती असताना, तिने मशीनच्या आणि भिंतीच्या फटीत खांद्यापर्यंत हात घातला. बोटांना दुमडलेली नळी लागली. आणि नळीवर...

तिने चिमटा उपटला, मुठीत धरला आणि दुसऱ्या हाताने बटण दाबलं.

घूंऽऽ, गुडगुड, गुडगुडगुड! सिंकमध्ये पाण्याचा आवाज धो धो घुमला. मशीनच्या तळातलं तळं फिरलं, आक्रसलं, एक लांब घोट घेतला आणि संपलं.

"गेलं!" बाबा किंचाळले. "पाणी गेलं!"

आई ओले हात घेऊन धावत आली. लंब्याने धरलेली पेटीची कडी सोडली. पण आत्या हसली नाही. ती मशीनकडे बघत होती, कपाळावर आठी.

"आपोआप कसं?" ती म्हणाली. "मशीन आपोआप बिघडतं. आपोआप नीट होत नाही. म्हणजे दोष पंपात नव्हताच, दुसरीकडेच कुठेतरी होता आणि मला तो सापडला नाही." तिने पेटी लंब्याकडे सरकवली. "घेऊन जा रे."

भिंगरीची मूठ पाठीमागे होती. आत चिमट्याची स्प्रिंग तळव्याला टोचत होती. आणि डोकं, ते नेहमीप्रमाणे भराभरा फिरत होतं: पाणी गेलं, काम झालं, सगळे खूश, चिमटा गुपचूप गॅलरीत टाकून देता येईल, आई म्हणेल अगं इथेच होता की! गोष्ट चिमट्याएवढी. पण पेटीची कडी लंब्याच्या बोटांत होती.

"मी गाढव आहे!" ती ओरडली.

सगळे वळले.

तिने मूठ उघडली. निळा, मोठा, चादरीचा.

"मी हा काढायलाच विसरले! नळी आवळलेलीच होती. नवा पंप बिचारा केव्हापासून ढकलतोय आणि पुढे दार बंद! चिमटा मी आज लावला, आणि मशीन चार दिवसांपासून बंद होतं. म्हणजे तेव्हा पंपच होता ना, आत्या? तू म्हणालीस तोच! तुझे कान बरोबर होते. माझं डोकं बरोबर नव्हतं."

आई वाकून चिमट्याकडे बघायला लागली.

मग लंब्या पुढे झाला. त्याने ओट्यावरचा जुना पंप उचलला, पंखा फिरवून पाहिला, मग धरून हलकेच ओढला. पंखा दांड्यासकट बाहेर आला, हिरडीतून हलणारा दात यावा तसा.

"बाई," तो म्हणाला, "हा मोडलाय. आतली पकड झिजून लोणी झालीय. झटके सगळ्यांत असतात, पण ओढल्यावर हातात येणारे हेच. तुम्ही ओढून नाही बघितलंत?"

आत्याने आपल्या हातांकडे पाहिलं. "हात थरथरतात रे. ओढायचा धीर नाही झाला."

"माझा झाला असता!" भिंगरी म्हणाली. "तू सांगायचंस ना!"

"तुला सांगायला तू एका जागी उभी असावी लागतेस, कार्टे!" आणि आत्या हसली. आधी नाकातून, मग पोटातून, मग सगळीच.

लंब्याने पेटी परत आत्याकडे सरकवली आणि जुना पंप खिशात घातला. "पोरांना दाखवतो वर्कशॉपमध्ये. पेटीचं नंतर बघू, बाई. वीस वर्षांनी."

"तोपर्यंत मी नव्वदीला टेकलेली असेन."

"म्हणूनच म्हटलं."

आई अजून चिमट्याकडे बघत होती. तिने तो भिंगरीच्या तळव्यावरून उचलला. रागावणार, भिंगरीला वाटलं, नक्की रागावणार. आई पेटीपाशी गेली, झाकण उघडलं आणि लांबड्या स्क्रू ड्रायव्हरच्या शेजारी चिमटा ठेवला.

"ताई, हा राहू दे यात. मला अकरा पुरतील. पण एक अट. प्लगला आणि तारांना हात हिचाच. आणि काम संपलं की पत्रा लावायच्या आधी काय काय लावलं होतं ते मोजायचं. मोजायला मी येईन. तुम्हा दोघींना कुणी मोजायला नको का?"

"हवंय," आत्या म्हणाली. "फार हवंय."

"आणि मला कुणी चहा द्यायला नको का?" बाबा म्हणाले. "सकाळपासूनचे कप त्या मशीनच्या नावाने पडलेत."

भिंगरी कप आत लावायला धावली, तेवढ्यात आत्याने तिची वेणी धरली. "कुठे पळतेस? आधी मिक्सर काढ कपाटातून. ती एक तार माझ्या छातीवर दगड होऊन बसलीय."

"प्लग काढलेला?" चादरींकडे परतलेल्या आईने गॅलरीतूनच विचारलं.

"काढलेला!" दोघी एकदम ओरडल्या.

"दाखवा!"