चांगलं तेल

या, असे पुढे सरका. पंख्याखालची जागा सोडवत नाही हे ठाऊक आहे मला, पण गोष्ट तान्ह्या बाळाची आहे. मोठ्यानं सांगितली तर ते जागं व्हायचं. तेव्हा जवळ बसा, आणि तिकडे तमिळ मुलखातल्या वेलचेरीच्या सकवारबाईची अन् एका तेलाच्या बाटलीची कथा ऐका.

सकवारबाई मूळची तंजावरकडची. तिच्या घरातली मराठी पिढ्यान्‌पिढ्या तमिळच्या शेजारी राहिली. शेजारणीकडून वाटीभर साखर आणावी, तसे तिनं शब्द आणले. त्यातले काही परत करायचे राहूनच गेले. नवरा तुळजाजी बँकेतून निवृत्त झालेला. मुलगा अक्षत पहाटेच कंपनीच्या बसनं श्रीपेरुंबुदूरला जाणारा. सून नीलम नाशिकची. आणि या सगळ्यांवर राज्य करणारी पाच महिन्यांची नंदिता.

नातीची आंघोळ ही सकवारबाईची खरी पूजा. पाटावर बसून पाय लांब करायचे, पायांवर पोरीला घ्यायचं, तेल चोळायचं, आणि हरिकथेतल्या चालीवर स्वतःचंच काहीबाही गायचं,

‘पाणी कोमट झालं गं, यशोदेचं बाळ न्हालं गं!’

शेवटी सांब्राणीचा धूप. गुंडाळलेली पोर धुरावरून फिरवली, की आजीला गोकुळात जाऊन आल्यासारखं वाटे.

पण एके दिवशी नंदितेच्या गालांवर लाली आली. आजी म्हणाली, "दृष्ट लागली." मग लाली कोपरांच्या खोबणीत उतरली, गुडघ्यांमागे गेली, मानेच्या वळ्यांत शिरली. लोण्यासारखी कातडी रव्यासारखी खरखरीत झाली. पोर गाल चादरीला घासायची आणि रडायची.

नाशिकहून नीलमच्या आईचा फोन आला. स्पीकर चालू होता, त्यामुळे स्वयंपाकघरातही ऐकू गेलं. "तिकडचं पाणी, तिकडची ती रगडारगडी! तू आपली पोरीला घेऊन इकडे निघून ये."

नीलमनं फोन ठेवला. संध्याकाळी ती सासूजवळ आली.

"आई, उद्यापासून आंघोळ मी घालीन. रागावू नका."

"सरी, बरं तर, पोरी," सकवारबाई म्हणाली, आणि कोरडा असलेला पाट पुन्हा पुसायला लागली.

दुसऱ्या दिवशी न्हाणीघरात पाण्याचा आवाज आला, पोरीचं रडणं आलं, गाणं काही आलं नाही. सकवारबाई सांबारासाठी छोटे कांदे सोलत बसली होती. डोळ्यांत पाणी आलं तर कांद्यांवर ढकलता येतं, ही एक सोय. मध्येच तिनं आपले हात उलटेपालटे करून पाहिले. अक्षत याच हातांनी न्हाला होता. देवा, या हातांनाच काही झालं असेल का?

पण हात बदलले तरी लाली हटेना. आठवड्यानं दोघी नंदितेला घेऊन त्वचेच्या डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टर वसंता तमिळ. सासूशी तमिळमध्ये, सुनेशी हिंदीत बोलणाऱ्या.

"अंगाला काय लावता?"

नीलमनं पिशवीतून नक्षीदार बाटली काढली. झाकण उघडताच खोलीभर अत्तराचं दुकान झालं. "हे. आईंनी चांगलं तेल आणायला सांगितलं होतं. दुकानात होतं ते सगळ्यात चांगलं आणलं."

सकवारबाई खुर्चीतून उठलीच. "अय्यो! हे मी कधी सांगितलं?"

"तुम्हीच म्हणालात ना आई, ‘नातीला चांगलं तेल आण’?"

"हो, म्हटलं! चांगलं तेल म्हणजे चांगलं तेल! आमच्या घरी तिळाच्या तेलाला चांगलं तेलच म्हणतात!" आणि डॉक्टरांकडे वळून, "नल्लेण्णै, नल्लेण्णै!"

डॉक्टर पोट धरून हसल्या. तमिळमध्ये नल्ल म्हणजे चांगलं, एण्णै म्हणजे तेल. आणि नल्लेण्णै म्हणजे तिळाचं तेल. तंजावरच्या त्या घरानं शब्द सरळ मराठीत उलटवून घेतला होता. नाशिकच्या सुनेला ते कुठून कळावं?

"पण मग इतके दिवस बोलला का नाहीत?" नीलमला हसावं की रडावं कळेना.

"तू किती हौसेनं आणलंस. म्हटलं, सुनेचं मन कशाला मोडा. मला तर त्या वासानं शिंका यायच्या."

"आणि माझं डोकं दुखायचं! मी समजले, तुम्हाला आवडतंय."

डॉक्टरांनी नंदितेच्या मानेच्या वळ्या हलकेच उघडून पाहिल्या. "हिची कातडी फार नाजूक आहे. सुवासिक काही नको. सध्या तुमचं नल्लेण्णैही नको, ते इडलीच्या पोडीवर, कोरड्या चटणीवर घाला. सांब्राणी देवापाशी, बाळापाशी नाही. कोमट पाणी, थोडा वेळ, घासायचं नाही. मऊ सुती कपड्यानं टिपायचं आणि अंग ओलसर आहे तोवर मी देते ते मलम लावायचं. लाली मधूनमधून परत येईल. घाबरू नका, मला दाखवा."

सकवारबाईनं खाली बघत विचारलं, "आजीचे हात चालतील?"

"अम्मा, एकटीच्या हातांनी भागणार नाही. ही मासोळी एकीनं धरायची, तेव्हा दुसरीला मलम लावता येईल."

घरी तुळजाजीनं बाटली हुंगली. "अबब! पूतनासुद्धा अशीच घमघमत गोकुळात आली होती."

"आप्पा, बाटली मी आणली होती."

"म्हणून तर बाटलीला म्हणालो, सूनबाई. तुझ्यासारखी यशोदा कुठे मिळायची!"

दुसऱ्या दिवशी पाट पुन्हा मांडला गेला. आजीनं धरलं, आईनं मलम लावलं. गाणं मात्र सुरू होईना. मग नीलमच हळूच म्हणाली, "आई, पाणी कोमट झालं गं?" आणि सकवारबाईचा गळा मोकळा झाला. नंदिता रडायची थांबून आजीच्या तोंडाकडे बघत राहिली.

हळूहळू रवा पुन्हा लोणी होऊ लागला. उकाडा वाढला की मानेवर लाली डोकावायची, पण आता घरात कुणी कुणाचे हात तपासत नव्हतं. नाशिकचा फोन आला तेव्हा नीलम म्हणाली, "नाही गं, आत्ता कसं निघू? हिची आंघोळ मला एकटीला जमत नाही."

स्वयंपाकघरात ऐकू गेलं. स्पीकर मुद्दाम चालू होता.

झाली कथा. आता उठण्याआधी एक मागणं आहे. बोलता येत नव्हतं, तेव्हा तुम्हालाही कुणीतरी पायांवर घेऊन न्हाऊ घातलं होतं. आई असेल, आजी असेल, शेजारची कुणी असेल. तो स्पर्श तुम्हाला आठवायचा नाही, पण नाव विचारलं तर घरात कुणीतरी सांगेल. आज देवापुढे दिवा लावाल, तेव्हा तिची आठवण काढा.