नऊ नंबरचं कुलूप

नियम एक. यंत्रात हात घालण्याआधी स्विचला स्वतःचं कुलूप लावावं. किल्ली स्वतःच्या खिशात.

धुलाईखान्यातल्या इस्त्रीच्या रोलरमध्ये चादर अडकली होती. एक चादर. एवढ्याशासाठी कुठे कुलूप लावायचं, असं म्हणत मिस्त्रीकाकांच्या हाताखाली शिकणारी धाकटी खांद्यापर्यंत आत शिरली. पलीकडच्या बाईने स्विच दाबला. तिचा काय दोष? स्विचला कुलूपच नव्हतं.

मिस्त्रीकाकांनी यंत्र थांबवायची लाल दोरी ओढली. बाही गेली, हात वाचला.

"बोटं मोज."

"पाच आहेत, काका."

"मग रडतेस कशाला? सहा हवी होती?"

त्यांनी आपला कोट तिच्या खांद्यावर टाकला.

नियम दोन. कुलूप न लावणाऱ्याचं कुलूप सहा महिने जप्त. तोवर यंत्राला हात लावायचा नाही.

धाकटीची मिस्त्रीपणाची परीक्षा पुढच्या आठवड्यात होती, याच रोलरवर. सुपरवायझरबाई तरातरा आल्या. "कोण शिरलं होतं आत?"

धाकटीने कोट फाटक्या बाहीवर ओढून घेतला.

"मी," काका म्हणाले.

बाईंना ते पटलं नसावं. पण सव्वीस वर्षांच्या नोकरीला खोटं कोण म्हणणार? "सकाळी नोंद करते," म्हणत त्या गेल्या.

घरी.

पप्पांनी जेवणाआधीची प्रार्थना केली. आजोबांची, शब्दही तेच: आमच्या जागी तू उभा राहिलास, आमचा दंड तू वधस्तंभावर सोसलास. धाकटीला हे मुळाक्षरांच्याही आधी पाठ होतं. आज मात्र तिने ताट बाजूला सारलं. तिने सगळं सांगून टाकलं.

"मग गप्प बस ना," मम्मी म्हणाली. "त्यांची नोकरी संपत आली. तुझं अख्खं आयुष्य पडलंय."

पप्पांनी चिमटीतलं मीठ ताटात ठेवलं.

"प्रभू आपल्या जागी उभा राहिला," ते म्हणाले. "पण 'गुन्हा मीच केला' असं नाही म्हणाला. गुन्हा कुणाचा ते ठाऊक असूनच त्याने शिक्षा घेतली."

"म्हणजे मी काय करू?"

"मला काय विचारतेस?" पप्पा ओशाळून हसले. "मी इतकी वर्षं आजोबांचंच म्हणत आलोय. माझ्यावर कधी वेळच आली नाही."

सकाळी.

"मी शिरले होते आत," धाकटीने सगळ्यांसमोर सांगून टाकलं. "काका माझ्यासाठी खोटं बोलले."

बाईंनी कुलपांच्या फळ्यावरचं धाकटीचं नऊ नंबरचं कुलूप काढलं.

"थांबा," काका म्हणाले. "नियम सात वाचा."

तो भिंतीवरच्या नियमांच्या पाटीवर सगळ्यात खाली होता, तेलाच्या डागाआड. बाईंना तो बोटाने पुसून वाचावा लागला: शिकाऊ कामगाराची शिक्षा त्याचा उस्ताद मागून घेऊ शकतो.

"आजवर कुणी मागितली नाही," बाई म्हणाल्या.

"मी मागतोय. चूक तिचीच. शंभर टक्के. शिकवून शिकवून घसा बसला माझा, तरी शिरली! कुलूप माझं घ्या."

"मला नको, काका. माझं मी भोगते."

"भोगशील गं, न भोगायला काय झालं? पण मी देतोय." त्यांनी आपलं कुलूप पुढे धरलं होतं. "लवकर बोल. हात दुखतोय."

कबूल करणं त्यामानाने सोपं होतं. हे घ्यायचं, तेही सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, बदल्यात द्यायला काही नसताना! रोज आभार मानले जात होते घरात. तिने मात्र आजवर काही घेतलंच नव्हतं, नुसतं म्हटलं होतं.

"घेते," ती म्हणाली.

बाईंनी काकांचं कुलूप घेतलं आणि नऊ नंबर पुन्हा फळ्यावर टांगला.

दुपारी रोलरचा पट्टा बदलायचा होता. काका यंत्रापासून दोन हात लांब, स्टुलावर. स्विचला नऊ नंबरचं कुलूप, किल्ली खिशात, धाकटी आत.

"काका, चर्चला जाता का कधी?"

"एका लग्नाला गेलो होतो. का?"

"काही नाही. सतरा नंबरचा पाना द्या."

सव्वीस वर्षं मिस्त्री असलेल्या काकांनी मुकाट्याने उठून पाना तिच्या हातात ठेवला.

"आणि नापास झालीस तर ते तुझं तू भोग," ते म्हणाले. "त्याला नियम नाही."