अरगेनची दोरी

आमची लेक मीरिम जन्मापासून बहिरी. पण पळण्यात आख्ख्या गावात तिचा हात धरणारं पोर नाही.

शाळेत घातली तेव्हा पोरं तिच्या पाठीमागे टाळ्या वाजवायची आणि ती वळत नाही म्हणून खिदळायची. तिच्या वर्गाच्या शिक्षिका जिपारगुलताईंनी ते बंद पाडलं. त्या स्वतः नारिन शहरात जाऊन हातांच्या खुणा शिकून आल्या आणि सगळ्या वर्गाकडून घोटून घेतल्या. "कुणाला चष्मा लागतो, कुणाला खुणा लागतात, एवढाच काय तो फरक," असं म्हणायच्या. पुढे तीच पोरं माझ्या दारात येऊन मीरिमला खुणांनी खेळायला बोलवायला लागली. त्या बाईवरून मी जीव ओवाळून टाकला असता, खोटं कशाला बोलू?

मग त्यांचा नातू अरगेन पाऊल टाकायला लागला आणि त्याची दोरी कापायचा दिवस ठरला. बाळाच्या पायांत काळ्या-पांढऱ्या लोकरीची दोरी बांधायची, पोरांनी लांबून पळत यायचं, पहिला येईल त्याने ती कापायची. मूल मग कापणाऱ्याच्या वळणावर जातं म्हणतात. मीरिमने मला नुसतं भंडावून सोडलं होतं. मी पहिली येणार, बाळ माझ्यासारखं पळणार, ह्याच खुणा दिवसभर.

अरगेनच्या आजोबांनी "पळा!" म्हणून आरोळी ठोकली. ती हिला कुठली ऐकू येणार? बाकीची सुटलेली बघून ही सुटली. तरी पठ्ठी सगळ्यांना मागे टाकून पहिली आली! माझा ऊर भरून आला. तिने कात्री उचललीसुद्धा.

"अगंबाई, नको नको!" जिपारगुलताई धावल्या आणि तिच्या हातातली कात्री काढून मागून आलेल्या बेकतुरला दिली. "काप रे राजा, काप लवकर."

"ताई, पहिली मीरिम आलीय," मी म्हटलं.

"एकुलता एक नातू आहे गं माझा," माझ्याकडे न बघताच त्या म्हणाल्या. "उद्या त्याच्या कानांना काही झालं म्हणजे? आणि तिला काय कळतंय! मिठाई दे तिला, होईल खूश."

तिला काय कळतंय! दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी दोन शब्द सुनावून मोकळी झाले असते. पण ह्या बाईने म्हणावं? माझ्या अंगाची लाही लाही झाली. समोर वाढलेले तळलेले बोरसोक तसेच टाकून मी पोरीला घेऊन निघाले.

वाटेत मीरिम विचारत राहिली, मी पहिली आले ना? मी मान हलवली. मग का? मी सांगितलं, तू घाईत कात्री उचललीस, बाळाला लागली असती. तिने लगेच विश्वास ठेवला. पुढच्या वेळी हळू उचलेन, म्हणाली.

चार दिवसांनी आमच्या दारासमोर पोरं दोरीचाच खेळ खेळत होती. बाहुलीच्या पायांत लोकर बांधलेली. मीरिम पहिली आली, आणि कात्रीकडे अगदी हळू हात नेला. बेकतुरने कात्री पाठीमागे लपवली. वाईट नाही हो तो पोरगा. तिला नीट समजावं म्हणून त्याने सावकाश, एकेक खूण करून सांगितलं: तू नको. बाहुली बहिरी होईल.

एकही खूण चुकली नाही त्याची. ताईंनी शिकवलेलं पोरं विसरत नाहीत.

मीरिमने वळून दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं. तिला सगळं कळलं होतं.