त्या सोमवारी मी तीनदा पडलो

मी एक जुने भिंग आहे. घड्याळ दुरुस्त करणारे लोक डोळ्यात बसवतात ना, ते. काळ्या डबीसारखे माझे अंग, आकाराने बाटलीच्या बुचाहून थोडे मोठे, आणि तळाशी फुगीर काच. मित्रांनो, माझी गोष्ट शौर्याची नाही. मी मूळचाच भित्रा. काचेचा जन्म म्हटल्यावर दुसरे काय होणार? पण एका आठवड्यात मी जेवढा घाबरलो, तेवढा सगळ्या आयुष्यात मिळून घाबरलो नव्हतो. तेच आज सांगतो.

ज्या कारखान्यात मला घासून घासून गोल केले, तो आता फारसा आठवत नाही. पाणी, पांढरी भुकटी आणि न संपणारी घरघर, एवढेच लक्षात आहे. तिथून मी एका घड्याळजींच्या दुकानात आलो. त्यांनी मला स्वतःसाठी घेतले नव्हते. त्यांचा भाचा काम शिकायला आला होता, त्याच्यासाठी घेतले होते. मामांनी पहिल्याच दिवशी मला त्याच्या उजव्या डोळ्यावर टेकवले आणि म्हणाले, "भिंग हातानं धरायचं नसतं. हात कामाला लागतात. भुवई खाली, गाल वर, की झालं."

झाले कसले! महिनाभर मी त्याच्या मांडीवरच्या टॉवेलात टपाटप पडत होतो. पण एक दिवस तो डोळा मला धरून बसला, तो बसलाच. मामा गेले, भाच्याचे केस पिकले, तोच आता गावाचा घड्याळजी झाला आणि मी त्याच डोळ्यात अडतीस वर्षे काढली.

गंमत अशी की मी त्यांचा चेहरा कधी धड पाहिलाच नाही. मला ठाऊक होता तो फक्त उजवा डोळा. दर चार-पाच टिकटिकींनी पापणी लवायची आणि मला वारा घातल्यासारखे वाटायचे. अवघड स्क्रू बसला की भुवई जराशी थरथरायची. लोक म्हणत, "घड्याळजी, तुमच्या नजरेला तोड नाही." मग ते मला डोळ्यातून काढून पुसत आणि म्हणत, "यातलं निम्मं याचं." मी मनातल्या मनात फुगून जाई.

मग तो सोमवार उजाडला. घड्याळजींच्या घरची मंडळी लेकीकडे बाळंतपणाला गेली होती, त्यामुळे ते एकटेच होते. शनिवारपासून त्यांचा उजवा कान ठणकत होता. कानात कापूस घालून ते कामाला बसले, त्यांनी मला डोळ्यात बसवले, आणि मी पडलो. थेट उघड्या घड्याळाच्या पोटात. त्यांनी मला उचलले, पुसले, पुन्हा बसवले. पुन्हा पडलो. तिसऱ्या वेळी फरशीवर पडलो आणि माझ्या कडेचा टवका उडाला.

"म्हातारा झालास रे," ते मला म्हणाले. "कड झिजली तुझी."

मला फार राग आला. नाचता येईना, अंगण वाकडे! अडतीस वर्षांत माझी कड केसभरही झिजली नव्हती. झिजले होते ते दुसरेच काही. भुवई खाली येत नव्हती, गाल वर येत नव्हता. पण माझ्या रागाची आता मला लाज वाटते, कारण त्याच वेळी मला भीती वाटायला हवी होती.

त्यांनी खणातून एक पातळ तार काढली, मला तिच्यात अडकवले आणि तार डोक्याभोवती, कानांवरून घट्ट बसवली. आता मी पडूच शकत नव्हतो. काम सुरू झाले आणि मी सवयीने पापणीच्या वाऱ्याची वाट पाहू लागलो. दहा टिकटिकी झाल्या. वीस झाल्या. शंभर झाल्या. पापणी लवलीच नाही. माझ्यासमोर डोळा टक्क उघडा होता. आधी त्यातून पाणी वाहत होते, मग ते आटले आणि लाल रेघा उमटल्या. मित्रांनो, तेव्हा मात्र माझी पाचावर धारण बसली. घड्याळजींना जे कळायला हवे होते ते माझ्यासमोर होते, आणि मला तोंड नव्हते. उलट ते झाकून ठेवायचे काम माझ्याच गळ्यात पडले होते.

मंगळवारी सकाळी दाढी करताना त्यांनी आरशात पाहिले. मी खिशात होतो. मला फक्त त्यांच्या छातीची धडधड ऐकू आली, घड्याळ पिसाटावे तशी. मग ते अगदी हळू म्हणाले, "मामांसारखंच."

तेव्हा मला सगळे आठवले. मामांचे तोंडही असेच एके दिवशी वाकडे झाले होते. मग हात गेला, पाय गेला, वाचा गेली. आठ वर्षे अंथरुणावर काढून ते गेले. घड्याळजींनी तेव्हा त्यांचे सगळे केले होते, आणि म्हणूनच आता ते डॉक्टरकडे जाईनात. डॉक्टर तेच सांगणार, असे त्यांनी धरून ठेवले होते. ऐकले नाही म्हणजे झाले नाही, असा हिशेब. भीती शहाण्या माणसालाही कसे खुळे करते बघा.

त्या दिवशी चहा त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यातून सदऱ्यावर ओघळला. जो पोटात गेला, त्याला चव नव्हती. उजव्या बाजूच्या भिंतीवरची घड्याळे त्यांच्या कानात हातोड्यासारखी वाजू लागली. साधी टिकटिक, पण ते दचकत होते. शेवटी ते उठले आणि त्यांनी एकेक लंबक हाताने धरून थांबवला. घड्याळजींनीच घड्याळे बंद केली! दुपारी बायकोचा फोन आला.

"तोंडात घास आहे का तुमच्या? असं काय बोलताय?"

"हो, जेवतोय," ते म्हणाले. समोर ताटच नव्हते.

बुधवारी सकाळी शेजारच्या चष्मेवाल्या बाई आपले दुरुस्तीला दिलेले भिंतीवरचे घड्याळ न्यायला आल्या. या बाई दुकानात लोकांचे डोळे तपासून चष्मे देतात आणि बोलायला लागल्या की थांबत नाहीत.

"काय हो घड्याळजी, कुणी गेलंय का दुकानात? सगळी घड्याळं गप्प!" त्या हसत म्हणाल्या. घड्याळजींनी मान वर केली नाही. "अहो, इकडे बघा की."

"कामात आहे." 'म' ओठांतून नीट निघालाच नाही.

बाईंचे हसणे थांबले. त्या आत आल्या आणि त्यांनी न विचारता घड्याळजींच्या डोक्यावरची तार काढली. मी बाईंच्या बोटांत आलो.

"डोळे मिटा बरं."

त्यांनी मिटले. डावा मिटला. उजव्याची पापणी अर्ध्यावरच राहिली, बुबुळ वर सरकले आणि खाली नुसता पांढरा भाग दिसत राहिला. बाईंनी कानातला कापूस ओढला. कानाच्या वाटीत बारीक पाणीदार फोड होते.

"ती तार घासलीय," घड्याळजी म्हणाले.

"तार कानाच्या आत जाते का? उठा."

"बाई, माझे मामा असेच गेले. मला ठाऊक आहे काय ते. राहू द्या मला."

"तुम्हाला घड्याळातलं ठाऊक आहे," बाई म्हणाल्या. "मेंदूचा झटका असेल तर इथं बसून तो बरा होणार आहे का? आणि नसेल, तर त्या डोळ्याचं काय? असाच उघडा राहिला तर पांढरं फूल पडेल बुबुळावर. मग कशानं पाहणार?"

सोनारानेच कान टोचलेले बरे म्हणतात. दुसऱ्या कुणाचे त्यांनी ऐकले नसते. पण डोळा जाईल म्हटल्यावर ते उठले. बाईंनी मला घड्याळजींच्या खिशात टाकले आणि स्वतः दुकानाला कुलूप लावले.

रुग्णालयात डॉक्टरबाईंनी त्यांना दोन्ही हात वर करायला लावले, चालायला लावले. मी खिशाच्या तोंडाशी जीव मुठीत धरून डोकावत होतो. मग त्या म्हणाल्या, "भुवया उंच करा. कपाळावर आठ्या घाला." डावीकडे आठ्या पडल्या. उजवे कपाळ इस्त्री केल्यासारखे सपाट राहिले.

"मेंदूचा झटका असता, तर बहुतेक वेळा दोन्हीकडे आठ्या पडल्या असत्या," त्या म्हणाल्या. "ही चेहऱ्याची नस आहे. लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या?"

"झाल्या होत्या."

"त्याचेच विषाणू नसेत झोपून होते, ते जागे झाले. ही कानातली नागीण आहे. नस सुजलीय, म्हणून चव गेली, आवाज टोचतो, पापणी मिटत नाही. दोन दिवस का थांबलात?"

"घाबरलो होतो."

"घाबरलात तर पळत यायचं! झटका असता तर हे दोन दिवस परत मिळाले नसते. तोंड वाकडं झालं की ते कशानं झालं, हे घरी बसून ठरवायचं नसतं. असो. तीन दिवसांच्या आत आलात, औषध आत्ता सुरू करते. नस किती सुधारेल ते आज सांगता येणार नाही. पण डोळा तुमच्या हातात आहे."

घड्याळजी रडले. एका डोळ्याने नीट, आणि दुसऱ्याने कसेतरी.

डोळ्याच्या डॉक्टरांना बुबुळाच्या खालच्या कडेला खरवडल्यासारखी जागा सापडली. तासातासाला थेंब, झोपताना मलम आणि पापणीवर चिकटपट्टी. दुकान बंद. मला घरी कपाटाच्या खणात ठेवले गेले. मित्रांनो, अडगळीत पडलेल्या वस्तूंचे दुःख मी पुष्कळ ऐकले होते, पण माझे ते दुःख नव्हते, ती भीती होती. बाहेर त्या डोळ्याचे काय चालले आहे, ते मला कळत नव्हते. फूल पडले असेल का? अंधारात मी रोज तेच विचारत होतो.

एका सकाळी खण उघडला आणि अनोळखी बोटांनी मला उचलले. ती घड्याळजींची बायको होती. बातमी कळताच ती लेकीकडून परत आली होती. माझ्यासारख्या हत्याराला तिने आजवर कधी हात लावला नव्हता. डॉक्टरांनी तिला सांगितले होते की लाली वाढली किंवा पांढरा ठिपका दिसला, तर लगेच यायचे. चष्मा लावूनही तिला नीट दिसत नव्हते, म्हणून तिला माझी आठवण झाली. तिने मला स्वतःच्या डोळ्याला लावले. अर्थातच मी पडलो. मग तिने मला बोटांत धरले.

"हलू नका."

"श्वास तरी घेऊ का?"

"घ्या. पण बोलू नका."

आज या गोष्टीला आठ महिने झाले. चेहरा बराचसा परतला आहे, सगळा नाही. नसेचे धागे वाढताना जरा चुकीच्या जागी जोडले गेले, असे डॉक्टर म्हणतात. त्यामुळे घड्याळजी घास चावू लागले, की उजवा डोळा आपोआप मिटतो. "या वयात डोळा मारताय!" बायको म्हणते. उजवी भुवई मला आता धरू शकत नाही. ते डाव्या डोळ्याने काम शिकत आहेत आणि मी पुन्हा मांडीवरच्या टॉवेलात पडतो आहे.

मित्रांनो, माझे एवढेच ऐका. हातातली वस्तू निसटू लागली, तर सगळा दोष वस्तूला देऊ नका. तिला धरणाऱ्याकडेही एकदा बघा. कुणाचे तोंड एका बाजूला ओढलेले दिसले, पापणी मिटेनाशी झाली, तर थांबू नका, झाकू नका, त्याच घडीला डॉक्टरकडे न्या. माझ्यासारखे मुके साक्षीदार होऊ नका. तुम्हाला तोंड आहे.

माझी भीती अजून गेलेली नाही. पापणी अजून पुरती मिटत नाही, म्हणून रोज सकाळी घड्याळजी खिडकीपाशी खुर्चीवर बसतात आणि बायको मला घेऊन त्यांच्यासमोर वाकते. अडतीस वर्षे त्या डोळ्याने माझ्यातून जग पाहिले. आता माझ्यातून कुणीतरी त्याला पाहते. ती वर पाहते, खाली पाहते, कडा पाहते, पांढरा ठिपका शोधते. तेवढा वेळ आम्हा तिघांपैकी कुणीच श्वास घेत नाही. मग ती म्हणते, "आज नाही."

आणि आमचा दिवस सुरू होतो.