गच्चीवरून आलेली काचेची तार

नातीला मराठी शिकवता यावं म्हणून मी घरातल्या इंटरनेटची कंपनी बदलली. आमच्या ह्यांना, म्हणजे हरिश्चंद्रांना, ते आजही पूर्ण पटलेलं नाही. त्यांच्या मते डॉक्टर आणि शिंपी जसा उगाच बदलू नये, तशी कंपनीही बदलू नये. ती कशीही असो, आपल्याला ओळखते. कंपनी ह्यांना तक्रारींच्या नंबरावरून ओळखायची. अकरा आकडी नंबर असायचे. ह्यांनी त्यांची एक वही केली होती आणि तारखेसकट सगळे उतरवून ठेवले होते.

आमची नात सुरुची तेव्हा सात वर्षांची होती आणि मेलबर्नला राहायची. ही २००९ सालची गोष्ट. मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी दुपारी साडेबाराला आमचा वर्ग भरायचा. तिकडे तेव्हा संध्याकाळचे सहा वाजलेले असत. ती कॉम्प्युटरच्या पडद्यावर दिसायची, मी तिला दिसायची. निदान तसं ठरलेलं होतं. टेलिफोनच्या जुन्या तारेतून येणारं चित्र मात्र आपल्या मर्जीने थांबायचं.

आमचं गाडं ‘ळ’वर अडलं होतं. ‘ळ’ नुसता ऐकून येत नाही. जीभ मागे वळून टाळूला कुठे लागते ते मुलाला बघावं लागतं. मी तोंड उघडून दाखवायची आणि नेमकं तेव्हाच चित्र गोठायचं. मग सुरुचीला पाच-पाच मिनिटं जबडा वासून बसलेली आजी दिसायची. एकदा तिने आईला विचारलं म्हणे, आजी दातांच्या डॉक्टरकडे गेली आहे का?

तेवढ्यात रोशन आला. जवळच्या किनाऱ्यावरच्या पाली गावच्या कोळ्याचा मुलगा. त्याची कंपनी म्हणजे तो, त्याचा एक चुलतभाऊ आणि एक स्कूटर. मोठ्या रस्त्यापर्यंत आलेली काचेची तार तो गच्च्यांवरून थेट घरात आणून देणार होता. मध्ये तांब्याचा तुकडासुद्धा नाही. सिल्व्हर पार्कमधल्या आमच्या इमारतीत त्याचं एकही गिऱ्हाईक नव्हतं, सगळे दुसरा कोण घेतो याची वाट बघत होते. मी त्याला पैशांचं न विचारता काच वाकते कशी ते विचारलं. त्याने खिशातून एक धागा काढून माझ्या तळहातावर ठेवला.

“आजी, केसासारखी बारीक हाय, म्हनून वाकते,” तो म्हणाला. “पन लई न्हाय वाकवायची. उजेड बाहेर पडतो.”

प्रश्नाचं सरळ उत्तर देणारा माणूस मला आवडतो. मी हो म्हटलं. ह्यांनी एक महिना बघू म्हटलं आणि वही जपून ठेवली.

रोशनने काम फार देखणं केलं. आमच्या गच्चीवर त्याने दोन टोकांना बांबू रोवले आणि पोलादी तारेचा आधार दिलेली ती काचेची तार खांद्याच्या उंचीवर ताठ बांधली. पालीला घरापुढे बोंबील सुकवायला दोऱ्या बांधतात, त्याच सवयीचा हात. घरात एक लहान डबी आली. तिच्यावरचा हिरवा दिवा लागला की उजेड पोचला.

पहिल्या आठवड्याचे तीनही वर्ग असे झाले की सुरुचीचा पडलेला दातसुद्धा मला तिच्या आईच्या आधी दिसला.

दुसऱ्या आठवड्यात मंगळवारी अकराच्या सुमारास हिरवा दिवा गेला. दुपारी चारनंतर आपोआप आला. रोशन दुपारी उत्तनच्या बाजूला कामावर असायचा. तो पाचला आला तेव्हा सगळं ठीक होतं. गुरुवारीही अकराला गेला, चारला आला. पाचला रोशन, सगळं ठीक. त्याने डबी बदलली, जोड तपासले, डोकं खाजवलं. आमचे हे म्हणाले, सरकारी कचेरीतसुद्धा जेवणाची सुट्टी एवढी लांब नसते.

त्या रात्री सूनबाईचा, ममताचा, फोन आला. ती गोड बोलली, पण बोलली ते स्पष्ट. दोन वर्ग सुरुची तासभर रिकाम्या पडद्यासमोर बसून राहिली. त्याच वारांना, त्याच वेळेला पोहण्याच्या वर्गात एक जागा रिकामी झाली होती. शनिवारी जमलं नाही तर ती सुरुचीचं नाव तिकडे घालणार होती. मराठीचं पुढच्या वर्षी बघू, आई.

पुढच्या वर्षी म्हणजे काय, ते चौतीस वर्षं शाळेत काढलेल्या बाईला कळतं. मी रोशनला फोन केला. शनिवारी डोंगरीला त्याच्या चुलतभावाचं लग्न होतं. म्हणजे सगळी कंपनी वऱ्हाडात. ह्यांनी वही काढून टेबलावर ठेवली.

शुक्रवारी दुपारी राजश्री आली. ही आमच्या वरच्या मजल्यावरच्या वैजयंताबाईंची नात, चौथीतली. नाताळची सुट्टी लागली होती, तरी ती गणितं घेऊन यायची. वैजयंताबाई परभणीकडच्या. जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नाही. सुरुचीसाठी एक शिवायला मी महिन्यापूर्वीच त्यांना चार साड्या देऊन ठेवल्या होत्या.

राजश्रीने डबीवर दिवा का नाही ते विचारलं. मला समजावून सांगण्यापेक्षा दाखवणं सोपं वाटतं. प्लास्टिकच्या बाटलीला खाली एक भोक पाडलं, तिच्यात पाणी भरलं, स्वयंपाकघराचा पडदा ओढला. मुलांची ती लाल उजेडाची किल्लीसाखळी दहा रुपयांना मिळते, ती बाटलीच्या मागून भोकावर धरली. धार वाकून खाली मोरीत पडत होती आणि लाल उजेड तिच्यासोबत वाकत जात होता. राजश्रीने धारेखाली तळहात धरला. तळहातावर लाल ठिपका उमटला.

मग तिने न सांगता बोट पुढे केलं आणि धार मध्येच दाबली. धार एकदम मुडपली, भिंतीच्या फरशीवर लाल उजेड सांडला आणि तळहातावरचा ठिपका गेला. बोट काढलं, ठिपका परत आला. तिने हे सात-आठ वेळा केलं. बाटली रिकामी झाल्यावर म्हणाली, “आजी, तारेलापण कोणीतरी बोट लावतंय.”

“अकरा ते चार,” मी म्हटलं. “कोणाचं असेल?”

ती उत्तर देणार होती. तोंड उघडलंसुद्धा. मग गणिताची वही उचलून घरी निघून गेली.

शनिवारी अकराला दिवा गेला. बारा वाजले. ह्यांनी जुन्या कंपनीला फोन लावला आणि पुन्हा जोडणी किती दिवसांत मिळेल ते हिंदीतून विचारायला सुरुवात केली. तिकडून थांबायला सांगितलं आणि संगीत लावलं. बारा वाजून दहा मिनिटांनी राजश्री दारात उभी राहिली.

“आजी, बोट माझ्या घरातलंय,” ती म्हणाली. “तुम्ही आजीला रागवाल का?”

मी म्हटलं, बरोबर उत्तर सांगणाऱ्याच्या घरच्यांना रागवायची माझी पद्धत नाही. आणि आम्ही जिना चढू लागलो. लिफ्ट नाही, आणि गुडघे माझ्याच वयाचे. दोन मजल्यांवर मी दोनदा थांबले आणि दोन्ही वेळा राजश्रीने मला न विचारता वेळ सांगितली.

गच्चीवर रोशनच्या तारेवर एक भलीमोठी गोधडी वाळत होती. ओल्या वजनाने तार पोटात लोंबली होती आणि कठड्याच्या कोपऱ्यावर काटकोनात मुडपली होती. शेजारी वैजयंताबाई काठी घेऊन कबुतरं हाकत बसल्या होत्या. गोधडीत माझी शाळेची हिरवी साडी मला लांबूनच ओळखू आली.

मी म्हटलं, वैजयंताबाई, ही जरा उचलू या का?

“अजून आतून ओली हाय,” त्या म्हणाल्या. “चार दिस झाले वाळवतीया. मधी कबुतरांनी घान केली, पुन्यांदा धुतली. तुमच्याच नातीची हाय, घाईत पाठवली तर परदेशात वास मारंल.”

मी तार दाखवली आणि ती कशाची आहे ते सांगितलं. त्यांनी तारेकडे पाहिलं, बांबूंकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“मला वाटलं, सोसायटीनं बायांसाठी दोरी बांधली. म्हनलं, एकदा तरी आमचा इचार केला मेल्यांनी.”

आम्ही तिघींनी गोधडी उचलली. तार वर आली, कोपऱ्यावरची मुडप सुटली. खालून, उघड्या खिडकीतून, ह्यांचा आवाज आला की हिरवा लागला. नंतर कळलं, तेव्हा त्यांच्या कानाला ते संगीत अजून चालूच होतं आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी कंपनीचा फोन आपण होऊन ठेवला.

गोधडी गच्चीवर ठेवायला कोरडी जागा नव्हती, कबुतरं टपलेली. म्हणून ती घेऊनच आम्ही खाली आलो. बारा पस्तीस झाले होते. पडद्यावर सुरुची होती, अंगात पोहण्याचे कपडे, कपाळावर चष्मा चढवलेला. मागे ममता पिशवी खांद्याला लावून उभी. आणि इकडे मी, दोन्ही बाजूंनी गोधडी धरलेल्या वैजयंताबाई आणि राजश्री, खाली फरशीवर ठिबकणारं पाणी.

“ते काय आहे?” सुरुचीने विचारलं.

मी उत्तर द्यायच्या आत राजश्रीने सुरुवात केली. हा हिरवा तुकडा तुझ्या आजीच्या शाळेच्या साडीचा, हा चौकटीचा तिच्या आईच्या लुगड्याचा. आणि हा पिवळा, हळदीच्या डागाचा, तुझ्या आईचा. तिच्या लग्नातला.

ममता पडद्याच्या एवढी जवळ आली की तिचं नुसतं कपाळ दिसायला लागलं. “आई, ती साडी तुम्ही ठेवली होती?” तिने विचारलं. मग ती लेकीच्या शेजारी बसली. पिशवी खाली ठेवल्याचा आवाज मला इथे ऐकू आला.

सुरुचीला गोधडी कधी मिळणार ते हवं होतं.

“वाळली की,” वैजयंताबाई म्हणाल्या.

“वालली की,” सुरुची म्हणाली.

वैजयंताबाईंनी गोधडीचं टोक ह्यांच्या हातात दिलं आणि कॅमेऱ्यात तोंड घातलं. “आगं, वाळली. जीभ अशी मागं, हितं. बघ.” त्यांनी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. चित्र थांबलं नव्हतं, त्याच थांबल्या होत्या. सुरुचीने चष्मा कपाळावरून काढला, तोंड उघडलं, दोनदा चुकली आणि तिसऱ्यांदा तिच्या तोंडून स्वच्छ ‘वाळली’ आलं. मी दोन महिने खपत होते. राजश्रीने माझ्याकडे बघून खांदे उडवले.

ममताने शोधल्यावर पोहण्याचा सोमवार-बुधवारचाही एक वर्ग निघाला.

रविवारी रोशन लग्नातले बुंदीचे लाडू घेऊन आला. सगळं ऐकून त्याने तार डोक्याच्या वर चार फूट नेली आणि तिच्या खाली, खांद्याच्या उंचीवर, खरी नायलॉनची दोरी बांधून दिली. वैजयंताबाईंनी ती ओढून बघितली आणि पसंत केली. पुढच्या आठवड्यात इमारतीतल्या आणखी दोन घरांनी नाव दिलं, त्यातलं एक त्यांचं.

रोशन निघाला तेव्हा ह्यांनी त्याला दारात थांबवलं. झाल्या प्रकाराचा तक्रार नंबर त्यांना हवा होता. रोशनने जरा विचार केला.

“एक,” तो म्हणाला.

ह्यांनी वहीचं नवं पान उघडलं आणि तारीख घालून तो लिहून ठेवला.